रामदासपेठेत चिमणीची शेपटी

मी पहाटे गच्चीवर उभी राहून हवेत हात फिरवते, हे आता कऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक झालंय. समोरच्या माडीवरचे अप्पा सुरुवातीला मला उलट हात करायचे. त्यांना वाटायचं, मी त्यांना बोलावतेय. दूधवाल्यानं शेजारी चौकशी केली म्हणे, बाईंची तब्येत बरी आहे ना. शेवटी भजनाच्या बायकांनी मला मधे बसवलं आणि खडसावून विचारलं, "बाई, नागपूरला जाऊन हे काय शिकून आलात?" प्रत्येकीला वेगळं सांगायचा मला कंटाळा आहे. शाळेत एकच धडा सगळ्या तुकड्यांना शिकवून माझा घसा गेलाय. म्हणून एकदाच लिहून काढते, ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं.

तर हे ‘ताई ची’. चिनी व्यायाम आहे. हळू, इतका हळू की बघणाऱ्याला जांभई यावी. मी तो शिकायला गेले नव्हते. मी माझ्या धाकट्या बहिणीला, कुसुमला, आणायला गेले होते.

आमची आई गेली तेव्हा कुसुम परकरात होती. मी नुकती मास्तरीण झालेली. मी लग्न केलं नाही, तिला वाढवलं आणि तिचं लग्न लावून दिलं ते थेट नागपूरला. आम्ही कोष्टी, तेही कोष्टी. आमच्या घरातला माग आजोबांबरोबर संपला, त्यांचा उमरेडला अजून खटखटत होता. जावई मनोहरराव मात्र पुढं माग सोडून कोराडीच्या वीजकेंद्रात लागले. भला माणूस, कधी आवाज चढवला नाही. गेल्या उन्हाळ्यात जेवता जेवता कलंडले आणि गेले. मूलबाळ नाही. क्वार्टर सोडावं लागलं, आणि कुसुम हुडकेश्वरला राहायला गेली, मनोहररावांनी अर्धवट बांधून ठेवलेल्या दोन खोल्यांत. एकटी.

मी दिवसांना गेले तेव्हाच म्हटलं होतं, "चल घरी." ती म्हणाली, "बघू." पावसाळा गेला, दिवाळी गेली, दिल्लीत एशियाड होऊन गेलं, तरी तिचं बघूच चाललेलं. मग मी माडीवरची खोली झाडली, तिला चुना दिला, खिडकीला पडदा लावला आणि गाडीत बसले. या वेळी तिला घेऊनच यायचं होतं. गाडीचं काही सांगत नाही. कंबरेचा काटा ढिला झाला, एवढं पुरे.

हुडकेश्वर

नागपूरकर ज्याला ‘ले-आउट’ म्हणतात तो प्रकार मी पहिल्यांदा पाहिला. शेतात दगड रोवून चौकोन पाडलेले, एका चौकोनात घर, पुढच्या दोन-तीन चौकोनांत उभी तूर, मग पुन्हा एखादं घर. रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी. काळ्या मातीला आमच्याकडच्यापेक्षा जास्त भेगा. कुसुमच्या घराला बाहेरून गिलावा नव्हता, विटा उघड्याच. वर टिनाचे पत्रे, त्यांच्यावर वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दगड ठेवलेले. माझ्या माडीवरची चुना दिलेली खोली मला आठवली आणि मनात म्हटलं, ही पोरगी इथं काय म्हणून बसली आहे.

कुसुमनं त्या दिवशी पातोडीचा रस्सा केला. बेसनाच्या वड्या तिखटजाळ रश्शात. आमच्या कांदा-लसूण मसाल्याचा मला अभिमान होता, तो पहिल्या घासाला उतरला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. कुसुम म्हणाली, "अक्का, वरून सांबार घे, बरं वाटेल." मी म्हटलं, ह्या जळत्या रश्शावर आणखी सांबार कशाला ओतू? तर तिनं चिरलेली कोथिंबीर पुढं केली. कोथिंबिरीला तिकडं सांबार म्हणतात. इतकी वर्षं माझी बहीण तिथं नांदते आणि मला हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

जेवण होतंय तोच शेजारच्या गिरजाबाई आल्या. शेतकरी घरातल्या, ज्यांचं अर्धं वावर विकून हा ले-आउट पडला त्या. हातात तुरीच्या शेंगा, डोक्यावर पदर. बसल्या आणि सरळ मला म्हणाल्या, "कुसुमले नेऊन राहिल्या का वं बाई?"

"हो."

"काहून?"

इतका साधा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. "एकटी आहे ती," मी म्हटलं.

"एकटी कायची? मी आहो ना."

कुसुम खाली मान घालून हसली आणि त्यांना म्हणाली, "बसा ना काकू, चहा टाकतो." ‘टाकते’ नाही, ‘टाकतो’. माझ्याशी ती आमच्यासारखी बोलायची, गिरजाबाईंशी बोलताना तिची जीभ वळून दुसरीच व्हायची. मला ते आवडलं नाही. मी वाढवलेली मुलगी कुणा तिऱ्हाइताची वाटायला लागली.

झोपताना तिनं सांगितलं, "सकाळी मी लवकर जाते. व्यायाम करते, मग दवाखान्यात ड्यूटी. तू झोप निवांत." रामदासपेठेतल्या एका मोठ्या दवाखान्यात चादरी आणि गाऊन शिवायचं, रफू करायचं काम तिला मिळालं होतं. काम मी समजू शकत होते. व्यायाम कसला? मी म्हटलं, मीही येते.

रामदासपेठ

दवाखान्यामागं एक मोकळं पटांगण आहे. एका कडेला पेशंटांचे नातेवाईक चूल मांडून भात रांधतात, दुसऱ्या कडेला कडुनिंबाखाली हे लोक. थंडी अशी की माझे दात वाजत होते. तिथं दोन नर्सबाया रात्रपाळी उतरून आलेल्या, एक पेन्शनर आणि मनोहररावांचे उमरेडचे चुलते, दशरथकाका. ते गुडघ्याच्या दुखण्यासाठी नागपूरला लेकाकडं येऊन राहिले होते. या सगळ्यांच्या पुढं पांढरं पातळ, त्यावर तपकिरी स्वेटर आणि पायात कापडी बूट अशी एक म्हातारी चिनी बाई.

मी मनात हिंदीची जुळवाजुळव केली. तेवढ्यात ती म्हणाली, "ही नवी बाई कोण वं, कुसुम?"

"माही अक्का. कऱ्हाडची."

"हो का? या ना, या. चपला तिकडं काढा. थंडी वाजून राहिली का? आता वाजनार नाही."

तिला सगळे लिनमावशी म्हणत. जन्म नागपूरच्या सदरमधला. वडील कलकत्त्याहून आलेले, दात बसवायचे. नवराही दातांचाच डॉक्टर होता. हा व्यायाम वडिलांनी तिला अंगणात शिकवला. त्यातल्या हालचालींची चिनी नावं तिनं आपली नागपुरी करून टाकली होती. बगळा पंख पसरतो, कोंबडा एका पायावर उभा राहतो, आणि पहिलीच, जी मला अजून नीट जमत नाही ती, चिमणीची शेपटी धरणे.

"धरा," लिनमावशी म्हणाली, "पन चिमणीले समजू नका देऊ."

मी धरली. माझी चिमणी बहुतेक जागीच मेली असेल. "गुडघा वाकवा," ती म्हणाली. मी वाकवला. "येवढा नाही वं बाई, जेवायले बसून राहिल्या का?" नर्सबाया हसल्या. मला राग आला. आयुष्यभर मी कवायत घेतली आहे, माझ्या शाळेची पोरं तालुक्यात पहिली यायची. आणि मला गुडघा वाकवायला शिकवतात.

पुढच्याच दिवशी मी घोळ केला. सगळे हळूहळू पुढं सरकत होते, आणि एका नर्सबाईचा पाय ओळीबाहेर जाऊ लागला. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मागच्या बाई, ओळ सांभाळा. टाच जुळवा." ती दचकली, तिच्या शेजारचे पेन्शनर दचकले, दशरथकाकांनी खरोखरच टाचा जुळवून छाती पुढं काढली. लिनमावशी मात्र थांबली नाही. तिचे हात ढगासारखे सरकत राहिले. सरकता सरकता ती म्हणाली, "बाई, आपल्या पायाकडं पाहा." माझे कान तापले. मी माझ्या पायांकडं पाहिलं. दोन्ही पाय आवळून जुळवलेले, आणि मी भर पटांगणात सावधान उभी.

मग समजलं, खोड फक्त माझीच नाही. या व्यायामात पाऊल टाकताना आधी पाय रिकामा करायचा, अंगाचा सगळा भार दुसऱ्या पायावर. रिकामं पाऊल अल्लद टेकवायचं आणि मग भार त्यात ओतायचा. दशरथकाकांना हे काही केल्या जमेना. त्यांचा पाय जमिनीला लागला की दाबलाच जायचा. लिनमावशीनं एकदा हात जोडले. "काका, रिकामा ठेवा ना गा."

"रिकामा राहातच नाही," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "मागाच्या खड्ड्यात बसून जिंदगीभर पावडी दाबली. पाय खाली गेला का दाबतेच. नाही दाबला तं धागा उघडत नाही."

मला त्यांच्याबद्दल फार जिव्हाळा वाटला. माझा घसा तसा, त्यांचा पाय तसा. इतकी वर्षं ज्यानं पोट भरलं ते असं सकाळी उठून सोड म्हटलं की सुटत नाही.

व्यायाम झाला की बाहेरच्या टपरीवर तर्री पोहे खायची यांची पद्धत. कांदेपोह्यांवर लाल रस्सा ओततात. आमच्याकडं कुणी पोह्यांवर रस्सा ओतला तर मी त्याला ओरडले असते. तिथं मी दुसरी प्लेट मागितली. अशाच एका सकाळी लिनमावशी सांगत होती, की बासष्ट सालच्या लढाईनंतर बरीच वर्षं तिला पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागे, नागपूरबाहेर जायचं तर परवानगी काढावी लागे. "तवा मी हे घरातच करत होती. खिडकी लावून."

मी म्हटलं, "आम्ही शाळेत त्या साली जवानांसाठी मोजे विणले होते." म्हटलं आणि वाटलं, हे कशाला बोलले.

"मीबी विणले," ती म्हणाली. "सदरमधल्या सगळ्या बायकाइनं विणले. माहे जरा ढिले झाले होते."

तिनं पोह्यांचा शेवटचा घास खाल्ला, हात धुतले आणि रिक्षात बसून घरी गेली. त्या दिवसापासून मी पटांगणात तोंड बंद ठेवलं.

कोराडी

रविवारी कुसुम म्हणाली, देवीला जाऊ. आम्ही सीताबर्डीवरून बसनं कोराडीला गेलो. कोळशाचे ट्रक पुढं, ट्रक मागं, मधे आमची बस. लांबूनच चिमण्यांचा धूर दिसतो. झाडांच्या पानांवर राखेचा थर, बोट फिरवलं की रेघ उठते. कॉलनीतल्या बायका कपडे घरात वाळवतात. कुसुम सांगत होती, क्वार्टरात नवी राहायला आली तेव्हा तिनं पांढरी चादर बाहेर टाकली आणि सगळी कॉलनी बघायला आली.

देवीचं दर्शन घेतलं, ओटी भरली, आणि मग तिनं मला तिचं जुनं क्वार्टर दाखवलं. दारात दुसऱ्या कुणाचं बाळ रांगत होतं. आत न जाता आम्ही समोरच्या पारावर बसलो. मी मुद्द्यावर आले. कधी तरी यायचंच होतं.

"कुसुम, आता पुरे झालं. घरी चल. खोली तयार आहे."

तिनं त्या दाराकडं बघितलं. मग म्हणाली, "ते गेल्यावर मला चालता येईना, अक्का. तू दिवसांना आलीस तेव्हा बसूनच होते, म्हणून तुला समजलं नाही. उठले की वाटायचं, पडणार. भिंत धरून स्वयंपाकघरात जायची, भिंत धरून मोरीत. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही नाही म्हणाले. कामाला लागले तर दवाखान्याच्या पायऱ्यांवर कठडा धरून उभी राहिले, खाली उतरवेना. लिनमावशी कुणाला तरी बघायला आली होती. तिनं मला पाहिलं. म्हणाली, ‘कठडा सोडू नको, फक्त एक पाय रिकामा कर.’ तिथंच, पायरीवर."

"मला कळवायचं नाही?"

"कळवलं असतं तर तू आली असतीस."

"आलेच असते."

"हो ना. आणि मी तुला धरलं असतं." ती माझ्याकडं वळली. "तुझ्याकडं आले तर मी पुन्हा भिंत धरीन, अक्का."

"म्हणजे मी भिंत झाले का?"

"भिंत म्हणजे वाईट नाही गं."

पण मला वाईट वाटलं. फार वाटलं. परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसले. जिच्या वेण्या घातल्या, जिला ताप आला की रात्ररात्र मांडीवर घेतलं, तिनं मला भिंत म्हणावं? घरी येऊनही मी धुसफुसत होते. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. ते कमी नव्हतं.

पुन्हा रामदासपेठ

रागावलेली असले तरी सकाळी मी पटांगणात गेले. त्या दिवशी लिनमावशीनं नवा प्रकार काढला. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, एक पाय पुढं, मनगटाला मनगट टेकवायचं आणि हात गोल फिरवत राहायचे. एक थोडं पुढं रेटते, दुसरी मागं सरून ते रेटणं वाटेला लावते. "जोर नका लावू," ती म्हणाली. "आइका. समोरच्या बाईचा हात काय म्हनून राहिला ते आपल्या हातानं आइका." आणि ती माझ्यासमोर उभी राहिली.

आता यात माझी चूक काय ते सांगा. बायका-बायका समोरासमोर उभ्या, हाताला हात लागलेला, गोल फिरायचं. जन्मभर नागपंचमीला मी हेच केलंय. माझ्या अंगाला वाटलं, फुगडी. मनानं काही ठरवायच्या आत माझ्या पंजानं तिचं मनगट घट्ट धरलं, पायाला पाय जुळले आणि मी सगळा भार मागं टाकून दिला.

फुगडीत असाच टाकायचा असतो. राखून टाकला तर फुगडी फिरत नाही. पण लिनमावशीचा हात लोण्यासारखा मऊ झाला आणि माझ्या पंजातून निसटला. मी आडवी.

"अरे बापा," दशरथकाका म्हणाले. नर्सबाया धावल्या, पाय हलवून बघितला, कंबर दाबून बघितली. हाड मोडलं नव्हतं. चुलीवर भात रांधणाऱ्या एका बाईनं माझ्यासाठी पाणी आणलं. लिनमावशी माझ्याजवळ मातीत बसली. तिचा चेहरा उतरला होता.

"मी सोडलं नाही वं. हात आपोआप निघाला. लहानपनापासून त्याले तेच शिकवलं." मग म्हणाली, "पन असं पूरं अंग टाकत असते का कोनी?"

"आमच्यात टाकतात. फुगडी म्हणतात त्याला."

"फुगडी मले मालूम आहे. गल्लीतल्या पोरी घालत. मले कोनी घेतलं नाही." ती माझ्या पदरावरची माती झटकत होती. "मंग दुसरीनं काय करायचं?"

"तिनंही पूर्ण भार टाकायचा."

"आन दोघीतली एक थकली तं?"

कुसुम माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. "दोघी पडतात," मी म्हटलं.

मला रिक्षात घालून हुडकेश्वरला आणलं. पुढचे काही दिवस मी खाटेवरून हललेच नाही. गिरजाबाई विटेचा तुकडा तापवून फडक्यात बांधून कंबरेला शेक द्यायच्या. शेकता शेकता त्यांनी मला हुडकेश्वरच्या सगळ्या घराण्यांची कुंडली सांगितली. आणि पडल्या पडल्या मी कुसुमला बघितलं, आल्यापासून पहिल्यांदाच नुसतं बघितलं. ती गवंड्याशी गिलाव्याचं बोलणं करताना आवाज चढवत होती. अंगणात वांगी, टोमॅटो लावले होते, त्यांना खत कोणतं घालायचं यावरून गिरजाबाईंशी वाद घालत होती. संध्याकाळी विहिरीवरून दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन ती ओसरीवरून आत यायची. ओसरीला दोन्ही बाजूंनी भिंत आहे. तिचा खांदाही भिंतीला लागत नव्हता. पाय टाकायची ती आता तसाच, आधी रिकामा, मग भरलेला, पाणी डुचमळत नव्हतं. मला तिचं कौतुक वाटलं. ही माझ्याबरोबर येणार नाही, हे मला त्या खाटेवरच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि मानणं वेगळं.

निघायच्या आदल्या सकाळी कंबर बरी होती. मी म्हटलं, पटांगणात येते. लिनमावशीनं मला बघितलं आणि कुसुमला म्हणाली, "तुह्या अक्कासंगं तूच उभी राहा. मले आता भेव वाटते." सगळे हसले, मीही हसले.

आम्ही दोघी कडुनिंबाखाली समोरासमोर उभ्या राहिलो. पाय पुढं, मनगटाला मनगट. तिचं मनगट हाडकुळं झालंय, उन्हाळ्यापासून. हात फिरू लागले. मग मी शेवटचं विचारायचं ठरवलं, आणि तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "अक्का, जोर येतोय तुझा."

मी हात सैल केला. पुन्हा फिरू लागलो.

"मी तुला न्यायला आले ते तुझ्यासाठी, असं मला वाटत होतं," मी म्हटलं. "खरं सांगते, शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला घर खायला उठतं. सकाळी उठून कुणासाठी चूल पेटवायची तेच समजत नाही."

तिचा हात एकदा अडखळला. "माहीत आहे मला," ती म्हणाली.

"माहीत आहे? आणि तरी येणार नाहीस?"

"तरी नाही."

ती रडत होती. मीही रडत होते, आणि पेन्शनर सद्गृहस्थ आमच्याकडं पाठ करून उगाच बगळ्याचे पंख पसरत होते. पण तिचं मनगट माझ्या मनगटावरून हललं नाही. ओढत नव्हतं, ढकलत नव्हतं, आणि दूरही जात नव्हतं. मला तिचा नकार तिच्या शब्दांपेक्षा तिथं जास्त स्पष्ट कळला, आणि त्यात माझ्यावरचा राग नव्हता, हेही कळलं. एखाद्या पोरानं चुकीचं उत्तर दिलं तर मी ते बदलून घेतल्याशिवाय त्याला खाली बसू दिलेलं नाही. त्या दिवशी मी म्हटलं, "बरं." आणि मी रेटलं नाही. लिनमावशीनं पुरे म्हणेपर्यंत आमचे हात फिरत राहिले.

दुसऱ्या दिवशी कुसुमनं मला गाडीत बसवलं, पिशवीभर संत्री दिली, आणि ड्यूटीला उशीर होतो म्हणून गाडी हलायच्या आत निघून गेली. मी खिडकीतून तिला पुलाचा जिना चढताना बघितलं. कठड्याला हात नव्हता. माणसांच्या गर्दीतही ती सरळ चालत गेली.

ओगलेवाडीला, म्हणजे आमच्या कऱ्हाडच्या स्टेशनावर, उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. ओळखीचा टांगेवाला पुढं आला, माझी वळकटी उचलली आणि माझ्या मागं कुणी उतरतंय का ते बघत राहिला. गाडी निघून गेली. "बाई, एकट्याच?" तो म्हणाला. "भैनीला आणनार हुता न्हवं?"

"नाही आणलं," मी म्हटलं. "ती तिच्या घरी आहे."